पऱ्हाटीच्या पेशींतील पहारा

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत एके काळीं सर्रास पेरला जाणारा देशी कापूस आतां क्वचितच दिसतो. आधीं अमेरिकन व २००२ नंतर बीटी संकरित वाणांनीं त्याची जागा घेतली. परंतु या देशी पऱ्हाटीच्या सरकींत एक विलक्षण हकीकत दडलेली आहे. तिचा अनुवंशलेख, म्हणजे डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली वंशाची वही, शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केली. अक्षरें भरलीं सुमारें १७० कोटी! त्यांपैकीं दोन तृतीयांश मजकूर पऱ्हाटीच्या कामाचा नव्हेच. स्वतःच्या नकला काढून त्या जागोजाग घुसविणाऱ्या उपऱ्या जनुकांचा तो आहे. वाड्यांत मालकापेक्षां बिऱ्हाडकरूच अधिक व्हावे, तशांतला हा प्रकार. असा उपरा एखाद्या उपयुक्त जनुकाच्या मधोमध शिरला, कीं तें जनुक निकामी होतें. मग झाड जगतें कसें?

श्रोतेहो, पेशी या उपऱ्यांना हांकलून देत नाहीं. त्यांचें तोंड बंद करिते. खरी अडचण असते ती ओळख पटविण्याची, कारण घरचा मजकूर आणि परका मजकूर त्याच चार अक्षरांत लिहिलेला. येथें उपऱ्याची हांवच त्याला नडते. तो वाटेल तेथें उलटासुलटा घुसतो. त्यामुळें त्याच्या आरएनएच्या सुलट आणि उलट अशा दोन्ही नकला निघतात व एकमेकींना बिलगून दुपदरी होतात. कांहीं संशयास्पद नकलांना तर पेशी स्वतःच दुसरा पदर जोडते. कामाच्या जनुकांचा आरएनए सहसा एकपदरी असतो. म्हणून दुपदरी धागा दिसतांच ‘डायसर’ नांवाचें प्रथिन त्याचे सुमारें २४ अक्षरांचे तुकडे पाडतें. असा एक तुकडा ‘आर्गोनॉट’ हें दुसरें प्रथिन हातीं धरतें आणि, शिपायानें फरारी इसमाचें छायाचित्र घेऊन हिंडावें तसें, जुळणारें ठिकाण हुडकून काढतें. तेथील डीएनएवर मिथिलच्या चिमुकल्या मोहोरा उमटतात, तो भाग घट्ट गुंडाळला जातो आणि वाचला जाईनासा होतो. पेशीविभाजनांत नव्या धाग्यावर त्याच मोहोरा पुन्हां उमटविणारें प्रथिनही निराळें आहे.

हा पहारा कधीं घरच्यांनाही पकडतो. १९९० सालीं पेटुनियाचीं फुलें गडद व्हावींत म्हणून रंगाचें एक जादा जनुक झाडांत घातलें, तों कित्येक झाडांना फुलें आलीं पांढरीं! जाद्या जनुकाबरोबर मूळचेंही गप्प झालें होतें.

विषाणूंवरही हेंच शस्त्र चालतें. मात्र पंजाब-राजस्थानांत कापसाचीं पानें मुरडणारा विषाणु हा पहारा मोडणारीं प्रथिनें बरोबर घेऊनच येतो. अमेरिकन वाण त्याला बळी पडतात. देशी पऱ्हाटी त्याला दाद देत नाहीं, म्हणून पैदासकारांची नजर आतां पुन्हां तिच्याकडे वळली आहे.