मूत्राशयाचे विकार : लाज नको, उपचार हवेत

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुऊन स्वच्छ केले आणि उचलून मंचावर निजविले. हा प्रसंग आपण विहारात अनेकदा ऐकतो. परंतु घरातल्या वृद्धाचे अंथरूण ओले झाले की आपल्याच कपाळाला आठ्या पडतात.

वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचनाला न चुकता येणाऱ्या एक आजी अचानक यावयाच्या बंद झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की खोकला आला की लघवीचे थेंब सुटतात, म्हणून त्या चारचौघांत बसत नाहीत. चार वर्षे हा त्रास त्यांनी अंगावर काढला होता. म्हणून या विषयावर लिहावयाचे ठरविले. आम्ही डॉक्टर नाही. वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम मूत्राशयाचे कार्य पाहू. दोन मूत्रपिंडे रक्त गाळून दिवसाकाठी साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. ती दोन नळ्यांतून मूत्राशयात उतरते. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. तिच्यात सुमारे 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. पिशवी भरत असताना तिचा स्नायू सैल राहतो आणि तोंडाशी असलेला स्नायूंचा वळसा घट्ट मिटलेला असतो. 150 ते 200 मिलिलिटर साठले की मज्जारज्जूमार्फत मेंदूला पहिली सूचना जाते. मेंदू सांगतो, "थांब, अजून जागा मिळालेली नाही." योग्य जागी पोहोचल्यावर मेंदू परवानगी देतो. मग मज्जातंतूंतून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, पिशवी आकुंचन पावते, वळसा सैल होतो आणि लघवी होते. तान्ह्या मुलात मेंदूचा हा ताबा आलेला नसतो, म्हणून ते कपडे ओले करते.

या यंत्रणेत बिघाड मुख्यत्वे तीन प्रकारे होतो. पहिला प्रकार आजींचा. बाळंतपणे आणि वय यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडतात. मग खोकताना, हसताना, हंडा उचलताना थेंब सुटतात. दुसऱ्या प्रकारात पिशवी भरण्यापूर्वीच आकुंचन पावते. एकाएकी जोराची घाई लागते, शौचालय गाठेपर्यंत धीर निघत नाही आणि रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. तिसऱ्या प्रकारात पिशवी नीट रिकामीच होत नाही आणि तुंबलेली लघवी थेंब थेंब गळते. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने किंवा जुन्या मधुमेहात मज्जातंतू दुबळे झाल्याने असे घडते.

आता औषधांविषयी. घाईच्या प्रकारात ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडीन, सोलिफेनासिन ही औषधे देतात. ती ॲसिटिलकोलीनचे काम अडवितात, त्यामुळे पिशवी शांत राहते. मात्र तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, अंधुक दिसणे हे त्रास होऊ शकतात. वृद्धांचा गोंधळ उडू शकतो. काचबिंदूच्या रुग्णाने ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. मिराबेग्रॉन हे नंतरचे औषध वेगळ्या मार्गाने पिशवी सैल करते. त्यात तोंडाला कोरड कमी पडते, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन देतात. त्याने लघवीची वाट मोकळी होते. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून सावकाश उठावे. फिनास्टेराइड ग्रंथीचा आकार कमी करते, पण गुण येण्यास काही महिने लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. तक्रार एकसारखी वाटली तरी कारण वेगळे असते. शेजाऱ्याला घाईच्या गोळीने बरे वाटले म्हणून प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने तीच गोळी घेतली, तर त्याची लघवी पूर्ण तुंबू शकते. म्हणून आधी तपासणी, मग औषध. लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी आणि गरज पडल्यास सोनोग्राफी एवढ्यावर बहुधा कारण उमगते. लघवीत रक्त दिसले, तापासह जळजळ झाली, तर विलंब नको. लघवी पूर्ण तुंबली किंवा पायांतील शक्ती जाऊन लघवीवरचा ताबा सुटला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आजींच्या प्रकाराला गोळीपेक्षा व्यायाम उपयोगी पडतो. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून पाच-सहा सेकंद धरावेत आणि सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. अमेरिकेतील डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये या व्यायामाची माहिती प्रसिद्ध केली. घाईच्या प्रकारात चहा कमी करावा आणि दोन वेळांमधील अंतर थोडे थोडे वाढवीत न्यावे.

विद्यार्थिनींना विशेष सांगणे आहे. शाळा-कॉलेजातील शौचालय अस्वच्छ म्हणून पाणीच न पिणे आणि लघवी तासन्तास रोखणे यातून जंतुसंसर्ग होतो. पाणी तोडू नका, स्वच्छ शौचालयाची मागणी करा. ती तुमच्या हक्काची आहे.

दुःख आहे, त्याला कारण आहे आणि त्यावर मार्गही आहे, ही आपल्या धम्माची शिकवण या आजारालाही लागू पडते. मात्र दुःख आहे हे आधी बोलले पाहिजे. आजींनी ते सुनेजवळ बोलून दाखविले, सुनेने त्यांना दवाखान्यात नेले, आणि व्यायामाने त्यांना बराच उतार पडला. गेल्या वर्षावासात त्या पुन्हा वाचनाला आल्या. आपल्या घरातही अशी व्यक्ती असेल. तिला आज विचारावे, आणि मंडळाच्या कार्यक्रमात वृद्धांची बैठक शौचालयाजवळ ठेवावी, एवढीच सभासदांना विनंती.