धूळ खाणारं यंत्र धूळ खात का पडतं?

१९८०च्या दशकात पुण्या-मुंबईच्या वसाहतींमध्ये रविवारी सकाळी दाराची बेल वाजली, की दारात गळ्यात टाय बांधलेला, घामेजलेला एक तरुण उभा असे. ‘विकायचं काही नाही काकू, फक्त दाखवायचंय,’ म्हणत तो आत येई आणि पाच मिनिटांत घरातली गादी उघडी करून तिच्यावरून आपलं यंत्र फिरवू लागे. पाइपच्या तोंडाशी त्यानं पांढरं फडकं बसवलेलं असे. दोन-तीन फेऱ्या झाल्या, की ते फडकं काढून तो सगळ्यांसमोर धरी. त्यावर पिठासारखी करडी धूळ! ज्या गादीवर आपण रोज निजतो, पाहुण्यांना निजवतो, तिच्या पोटात हे? गृहिणी ओशाळून जाई आणि घरधनी हप्ता किती पडेल ते विचारू लागे. १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सनं दारोदार विक्रीची ही पद्धत आपल्याकडे रुजवली आणि व्हॅक्यूम क्लीनर हा शब्द मराठी घरात शिरला तो असा, दारातून चालत.

पुढं त्या काळच्या यंत्रांचं काय झालं हे पाहायचं असेल, तर दिवाळीच्या आवराआवरीत कुणाच्याही माळ्यावर डोकवावं. तांब्याचा बंब, नातवंडांची तीनचाकी सायकल, गणपतीच्या मखराचं सामान आणि त्यांच्या आड, थर्मोकोलसकट मूळ खोक्यात बसवलेला व्हॅक्यूम क्लीनर. धूळ खाण्यासाठी आणलेलं यंत्र स्वतःच धूळ खात पडलेलं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘बिघडलाय.’ अशा पाच-सहा घरांत मी कुतूहलानं नीट चौकशी केली आहे. मोटर जळाल्याचं एकाच ठिकाणी निघालं. बाकी ठिकाणी पाइप मुडपून चिरलेला, नाही तर आतली पिशवी फाटलेली आणि तसली पिशवी बाजारात मिळेनाशी झालेली. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचं यंत्र निकामी झालेलं.

बँकेत असताना छोट्या यंत्रांसाठीची कर्जप्रकरणं माझ्याकडे येत. कुणाचा यंत्रमाग, कुणाची पिठाची गिरणी. अर्जासोबत चकचकीत माहितीपत्रक जोडलेलं असे. आमचे एक जुने व्यवस्थापक ते पत्रक न उघडताच बाजूला ठेवत आणि समोरच्याला विचारत, ‘बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतो? आणि तो राहतो कुठं?’ या दुसऱ्या प्रश्नाशी अर्जदार अडखळला, की ते समजून जात. घरातलं यंत्र घेताना मला तोच प्रश्न अजून सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भरवशाचं यंत्र म्हणजे कधीच न बिघडणारं यंत्र नव्हे, तसलं काही अजून बनलेलं नाही. ज्याची पिशवी, फिल्टर, ब्रश आणि पाइप पाच वर्षांनीही आपल्याच गावात मिळेल आणि ज्याला उघडणारा माणूस रिक्षानं येण्याच्या अंतरावर असेल, ते भरवशाचं. म्हणून दुकानात गेल्यावर यंत्र पाहण्याआधी पिशवी मागावी. ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं, तर ते आताच आलंय, अजून पैसे दिलेले नाहीत, हे आपलं नशीब समजावं.

युरोपीय संघानं तर याचे आकडे नियमातच घातले आहेत. विजेच्या तारेवर चालणाऱ्या घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप ४०,००० वेळा वाकवूनही शाबूत राहिला पाहिजे आणि मोटरचं आयुष्य किमान ५०० तासांचं हवं, अशी अट तिथं १ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाली. ५०० तास ऐकायला थोडे वाटतात. पण आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास धरला, तर वर्षाचे ५२ तास होतात. म्हणजे साडेनऊ वर्षं! मोटरनं एवढी सोबत केली, तर कुणाची तक्रार असणार नाही.

आपल्याकडचा विक्रेता मात्र वॅटचा आकडा सांगतो. बाराशे, सोळाशे, दोन हजार! जितका आकडा मोठा तितका तो आवाज चढवतो. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं त्याचं माप, धूळ किती ओढतं त्याचं नव्हे. युरोपनं २०१४ साली ही मर्यादा १६०० वॅटवर आणली आणि २०१७ साली ९०० वॅटच्या आत. तिथले गालिचे काही त्यामुळे मळके राहिले नाहीत. ओढ कळायची असेल तर हवेचा दाब आणि हवेचा प्रवाह असे दोन्ही आकडे खोक्यावर पाहावेत. मोठ्या वॅटचा आणखी एक व्याप आहे. आपल्या घरांत दिवाणखान्यात आणि झोपायच्या खोलीत बहुतेक पॉइंट सहा अँपियरचे असतात. त्यांच्यावर तेराशे-चौदाशे वॅटच्या पुढचं यंत्र चालवू नये. सोळा अँपियरचे जाड पॉइंट असतात ते स्वयंपाकघरात, गिझरशी, एसीपाशी. मग जाड एक्स्टेन्शन आणा, ती पायात येणार, म्हणून ‘आज राहू दे’ असं होतं. यंत्राचा माळ्याकडचा प्रवास असल्या ‘आज राहू दे’तूनच सुरू होतो.

मुळात आपल्याला हे यंत्र कशासाठी हवं? विलायतेत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो, तो काही उचलून झटकता येत नाही. म्हणून तिथं याची निकड. आपल्याकडे शहाबादी फरशी होती, मग मोझॅक आलं, आता गुळगुळीत टाइल. तिच्यावरून केरसुणी फिरवून ओलं फडकं मारलं, की काम होतं. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी पुजतो, ती काही उगाच नाही. रोजच्या फरशीसाठी व्हॅक्यूम क्लीनर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची खरी जागा गाद्या, सोफ्याच्या फटी, पुस्तकांची कपाटं, पडदे, सरकत्या खिडक्यांच्या खाचा आणि वरची जळमटं. रांगोळी, राख आणि वरच्या मजल्यावर फोडाफोड चालू असताना येणारी सिमेंटची भुकटी मात्र त्याला चुकूनही खाऊ घालू नये. फिल्टरची छिद्रं बुजतात आणि मोटर तापते.

आता गादीतल्या त्या करड्या धुळीविषयी. विक्रेत्यानं दाखवली ती धूळ खोटी नव्हती. तिच्यात कापसाची कूस असते, आपल्याच कातडीचे सुटलेले कण असतात आणि त्या कणांवर जगणारे माइट नावाचे जीव असतात. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, डोळ्यांना न दिसणारे. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी कुणाला सटासट शिंका येतात, कुणाचा दमा उसळतो. दमट हवा त्यांना मानवते, त्यामुळे मुंबई-कोकणात पावसाळाभर त्यांची चंगळ असते. ज्या घरात एखादं पोर रात्री उठून उशाला टेकून बसतं आणि त्याची छाती पिपाणीसारखी वाजते, त्या घरात ही खरेदी हौसेची उरत नाही. पण म्हणूनच तिथं हे स्वच्छ माहीत हवं, की नुसत्या व्हॅक्यूमनं हे जीव जात नाहीत, ते कापडाला घट्ट धरून बसतात. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवावे लागतात. गाद्यांना कडक ऊन दाखवायची आजीची पद्धतही शास्त्राला धरूनच होती. ऊन गादीतली ओल काढतं आणि ओल गेली की हे जीव तगत नाहीत. त्यांनी मागं ठेवलेला कचरा मात्र उरतो आणि तो काढायला व्हॅक्यूम उपयोगी पडतो.

तोही फिल्टर चांगला असेल तरच. पुढून ओढलेली हवा यंत्राच्या मागच्या झरोक्यातून बाहेर पडते. फिल्टर सुमार असला, तर जाड धूळ पिशवीत राहते आणि सर्वांत बारीक, छातीत खोलवर जाणारी धूळ खोलीभर उधळली जाते. दमेकऱ्याच्या घरात असं यंत्र केरसुणीपेक्षा वाईट. ‘हेपा’ हे नाव आपण जाहिरातींत वाचतो. अमेरिकी प्रमाणानुसार खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ‘हेपा टाइप’ असं छापलेलं असेल, तर त्या शब्दाला असं कोणतंही प्रमाण बांधलेलं नाही. शिवाय फिल्टर उत्तम पण झाकणाला फट, असंही असतं. त्या टायवाल्या तरुणाचं पांढरं फडकं इथं उलटं वापरावं. दुकानात यंत्र चालू करायला लावून ते मागच्या झरोक्याशी धरावं. आणि घरी सफाई चालू असताना दमेकरी माणसाला दुसऱ्या खोलीत बसवावं.

दम्याचा आणि या यंत्राचा संबंध फार जुना आहे. १९०१ साली इंग्लंडात ह्यूबर्ट बूथनं ओढून घेणारं पहिलं मोठं यंत्र केलं, ते घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभं करत आणि खिडकीतून लांबलचक पाइप घरात सोडत. हातात धरता येणारं विजेचं यंत्र मात्र अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका झाडूवाल्यानं जुळवलं. जेम्स स्पँगलर त्याचं नाव. दुकानाचे गालिचे झाडता झाडता त्याचा दमा बळावत होता. त्यानं १९०७ साली पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून हे यंत्र केलं आणि १९०८ साली पेटंट मिळवलं. पुढं हूवर नावाच्या व्यापाऱ्यानं ते विकत घेतलं आणि नाव त्याचं झालं.

झाडणाऱ्याच्या छातीसाठी निघालेलं हे यंत्र आपल्या घरात आणताना झाडणाऱ्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना मी विचारलं, तेव्हा त्या हातातलं काम थांबवून म्हणाल्या, ‘काका, पहिल्या एका घरी होतं ना. ते धूड ह्या खोलीतून त्या खोलीत न्यायचं तर कंबर जायची. दांडी आखूड, वाकूनच करायला लागायचं. मग झाडू काय वाईट? आणि पिशवी भरली की ते ओढायचं नाही, तर वहिनी म्हणायच्या, मावशी, तुम्हीच बिघडवलंत.’ एवढी नेमकी माहिती मला एकाही माहितीपत्रकात मिळालेली नाही. वजन, दांडीची लांबी, पिशवी भरल्याची खूण. दुकानात जाताना शक्य असेल तर मावशींना सोबत न्यावं, किंवा घरात जो कुणी यंत्र खरोखर उचलणार आहे त्याला. उचलून, दांडी लांब करून, ताठ उभं राहून चालवून पाहू द्यावं. आणि बिघाडाचा आळ त्यांच्यावर येणार नाही, हे आधीच सांगून ठेवावं.

बाकीच्या प्रकारांविषयी थोडक्यात. बिनपिशवीच्या यंत्रात पिशवीचा खर्च वाचतो, पण डबा रिकामा करताना धूळ तोंडावर येते, दमेकऱ्याच्या घरी पिशवीचंच घ्यावं. बिनतारेचं यंत्र हलकं आणि सुटसुटीत, पण त्याची बॅटरी काही वर्षांत दम सोडते. नव्या बॅटरीची किंमत खरेदीच्या दिवशीच विचारून ठेवावी. आपोआप फिरणारा रोबो उंबरठ्याशी अडतो, आणि वायरी, मोजे, दारातली रांगोळी यांतला भेद त्याला कळत नाही. पाणीही ओढणारं यंत्र गळक्या छताच्या घरात पावसाळ्यात कामाला येतं, मात्र पाणी ओढण्याआधी कोरडी पिशवी आठवणीनं काढायला हवी.

एवढं करूनही यंत्र दगा देऊ शकतं. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यानुसार तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. पण त्यासाठी बिल लागतं. हल्ली दुकानं ज्या गुळगुळीत कागदावर बिल देतात, त्याची अक्षरं काही महिन्यांतच पुसट होतात. घरी येताना वाटेतच त्याची झेरॉक्स काढावी आणि जास्तीच्या पिशव्यांचं पाकीट ज्या खणात ठेवाल, त्याच खणात ती ठेवावी.