हतबलता शिकावी लागत नाही

पहिल्याच सेमिस्टरला एखाद्या विषयात नापास होऊन केटी लागली की त्या विषयाचं पुस्तक उघडायलाही मन धजत नाही. हा आळस नव्हे, ही हतबलता.

१९६७मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना विजेचे झटके देऊन प्रयोग केले. (मुक्या जिवांना दिलेल्या त्या विजेच्या झटक्यांबद्दल वाचताना आजही वाईट वाटतं.) काहीही केलं तरी झटका थांबत नाही हे अनुभवलेले बरेच कुत्रे पुढे वाट मोकळी असूनही बसून राहिले. ते हतबलता ‘शिकले’, असं मानलं गेलं.

२०१६मध्ये याच दोघांनी तो निष्कर्ष उलटवला. लांबलेल्या त्रासात निपचित होणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काही आहे’ हे, आणि ते काम कपाळामागचा मेंदू करतो.

म्हणून केटीच्या विषयातलं आज एकच गणित, पण स्वतः सोडवावं, असं मला मनापासून वाटतं.