तापणारी तार आणि तिचे वेटोळे

विजेची शेगडी सुरू केली म्हणजे मातीच्या तबकडीच्या खोबणीत बसविलेली तार थोड्याच वेळात लालबुंद होते. परंतु शेगडीपर्यंत वीज आणणारी तांब्याची तार जेमतेम कोमट होते. वस्तुतः या दोन्ही तारांतून वाहणारा विद्युत्प्रवाह एकच असतो. असे असता एकीने निखाऱ्यासारखे फुलावे आणि दुसरीने जवळजवळ थंड राहावे, याचे कारण काय? शिवाय शेगडीची तार नेहमी वेटोळे घालूनच का बसविलेली असते? हे प्रश्न वरवर साधे वाटतात. परंतु त्यांची समाधानकारक उत्तरे मिळण्यास पाऊण शतकाचा काळ जावा लागला. तारेची जात, तिची जाडी, तिची लांबी, वेटोळ्यातील फेऱ्यांची संख्या आणि फेऱ्यांमधील अंतर, या पाच गोष्टींत फेरफार केला असता काय घडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जूल यांचा नियम

या विषयाचा पाया इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे घातला गेला. जेम्स प्रेस्कॉट जूल यांच्या घरी मद्यनिर्मितीचा धंदा होता आणि विज्ञानाचा अभ्यास हा या तरुणाचा छंद होता. १८४० च्या सुमारास त्यांनी काचेच्या नळीवर धातूची तार गुंडाळली, ते वेटोळे पाण्यात बुडविले, तारेतून प्रवाह सोडला आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजले. तारा बदलून व प्रवाह बदलून त्यांनी हेच मोजमाप पुनःपुन्हा केले. ठराविक वेळात निर्माण होणारी उष्णता ही तारेच्या रोधाच्या प्रमाणात आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असे त्यांना आढळून आले. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, तिप्पट केला तर नऊपट. हाच जूल यांचा नियम होय.

या नियमाचा अर्थ नीट समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका वेटोळ्याचा रोध ३ ओहम आणि दुसऱ्याचा ६ ओहम आहे असे समजा, आणि आपल्याजवळ ६ व्होल्टची विद्युत्घटमाला आहे. दोन्ही वेटोळी एकापुढे एक, म्हणजे एकसरीत जोडली, तर दोहोंतून प्रवाह सारखाच जातो आणि ६ ओहमचे वेटोळे दुप्पट उष्णता देते. तीच वेटोळी शेजारी-शेजारी, म्हणजे अनेकसरीत जोडली, तर प्रत्येकाला पूर्ण ६ व्होल्टचा दाब मिळतो. मग ३ ओहमच्या वेटोळ्यात १२ वॉट आणि ६ ओहमच्या वेटोळ्यात अवघे ६ वॉट निर्माण होतात. अर्थात् अधिक रोध म्हणजे अधिक उष्णता हे विधान काही वेळा खरे असते व काही वेळा खोटे. प्रवाह कायम आहे की दाब, हे आधी पाहिले पाहिजे. शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याची दोन भांडी आणि दोन तापमापके घेऊन शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग सहज करता येईल. मात्र त्यासाठी घटमालाच वापरावी. भिंतीवरील वीज पाण्याजवळ कदापि आणू नये.

तारेची निवड

तांब्याचा रोध फार कमी असल्यामुळे शेगडीला तांब्याची तार चालत नाही. लोखंडाचा रोध त्याहून अधिक. पण लालबुंद लोखंड हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून थोड्याच दिवसांत गंजते व तुटते. ही अडचण अमेरिकेतील आल्बर्ट मार्श यांनी दूर केली. निकेल व क्रोमियम यांच्या त्यांनी बनविलेल्या मिश्रधातूला १९०६ मध्ये एकस्व मिळाले. या तारेत सामान्यतः ८० भाग निकेल आणि २० भाग क्रोमियम असते. आज आपण तिला नायक्रोम म्हणतो. तिचा रोध त्याच मापाच्या तांब्याच्या तारेच्या साठ-पासष्टपट असतो. तापल्यावर तिच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ व घट्ट थर जमतो आणि तोच आतील धातूचे रक्षण करतो. पुढे स्वीडनमधील हाल्स्टाहामर येथे लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांची कॅन्थल नावाची मिश्रधातू तयार झाली. तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर जमतो व ती नायक्रोमपेक्षाही अधिक तापमान सोसते.

शेगडीचा हिशोब

आता २३० व्होल्टवर १००० वॉट देणारी शेगडी बनवावयाची आहे असे मानू. तिच्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम असला पाहिजे. नायक्रोमची अर्धा मिलिमीटर जाडीची तार घेतली तर तिचा रोध दर मीटरला सुमारे ५.६ ओहम भरतो. म्हणजे साडेनऊ मीटर तार लागेल. एवढी लांब तार लहानशा तबकडीत बसवावी कशी? ६ मिलिमीटर जाडीच्या सळईवर ती गुंडाळली, तर सुमारे ४६० फेरे होतात आणि एकमेकांना चिकटून बसविलेल्या फेऱ्यांची लांबी एक वीत भरते. पण फेरे चिकटलेले ठेवून चालत नाही. कारण उघडी तार तारेला टेकली की प्रवाह फेऱ्यांतून न फिरता जवळच्या वाटेने निघून जातो. म्हणून वेटोळे ताणून फेरे मोकळे करतात व मगच ते खोबणीत बसवितात. ताण सर्वत्र सारखा असणे आवश्यक आहे. जेथे फेरे दाट राहतात तेथे प्रत्येक फेऱ्याने बाहेर टाकलेली उष्णता शेजारच्या फेऱ्यावर पडते, ती जागा अधिक तापते आणि तार तेथेच प्रथम तुटते.

तार तुटली म्हणजे पुष्कळ घरांत तुटलेली टोके एकमेकांत पिळून शेगडी पुन्हा चालू करण्याची रीत होती. यात दहावा हिस्सा तार कमी झाली असे समजा. रोध ५३ वरून सुमारे ४८ ओहमवर येतो, प्रवाह वाढतो आणि शेगडी १००० ऐवजी सुमारे ११०० वॉट घेऊ लागते. वाढलेली ही उष्णता आता कमी लांबीच्या तारेतून बाहेर पडावयाची असते. परिणामी तारेच्या प्रत्येक सेंटिमीटरवरील भार जवळजवळ चोवीस टक्क्यांनी वाढतो. दुरुस्त केलेली शेगडी अधिक लाल का दिसते आणि पूर्वीपेक्षा लवकर का तुटते, याचे रहस्य यात आहे.

जाडीचा परिणामही असाच विचार करण्याजोगा आहे. तारेची जाडी दुप्पट केली तर तिचा रोध चौथाई होतो. रोध पूर्वीइतकाच ठेवावयाचा तर लांबी चौपट घ्यावी लागते. तसे केले असता तारेचा पृष्ठभाग आठपट आणि वजन सोळापट होते. विद्युत्शक्ती मात्र तेवढीच राहते. असे वेटोळे तापण्यास वेळ घेते, निवण्यासही वेळ घेते आणि कमी तापमानावर पुष्कळ काळ टिकते. बारीक तारेचे वेटोळे क्षणात तापते, परंतु त्याचे आयुष्य थोडे असते. तारा गुंडाळणाऱ्या प्रत्येक कारागिराला या दोन टोकांमध्ये आपली जागा शोधावी लागते.

दिव्यातील तंतू

वेटोळ्याच्या आकाराचे खरे महत्त्व उघडकीस आले ते शेगडीत नव्हे, तर दिव्यात. १८७९ मध्ये एडिसन यांनी कार्बनच्या तंतूचा दिवा यशस्वी करून दाखविला. पुढे टंगस्टन या धातूकडे संशोधकांचे लक्ष गेले. कारण तो ३४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो. पण टंगस्टन ठिसूळ होता व त्याची तार ओढता येत नव्हती. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास लवचिक टंगस्टन तयार करण्याची कृती सिद्ध केली. त्यामुळे तंतू हवा तसा वळविता येऊ लागला.

तरीही एक दोष उरला होता. निर्वात दिव्याची काच काही काळाने आतून काळी पडत असे. निर्वात पुरेसा नाही, शिल्लक राहिलेल्या वायूमुळे हे घडते, असा सर्वसाधारण समज होता. याच प्रयोगशाळेत १९०९ मध्ये आलेल्या अर्व्हिंग लँगम्यूर यांनी अधिक चांगला निर्वात करण्याऐवजी दिव्यात निरनिराळे वायू मुद्दाम सोडून काय होते ते पाहिले. काळेपणा वायूमुळे येत नसून तापलेल्या टंगस्टनच्या बाष्पीभवनामुळे येतो, असे त्यांना दिसून आले. दिव्यात नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरला तर तंतूपासून सुटणारे पुष्कळसे अणू वायूच्या रेणूंवर आदळून परत फिरतात व बाष्पीभवन मंदावते. मग तंतू अधिक तापविता येतो व प्रकाश अधिक शुभ्र मिळतो.

परंतु वायू आला की तो उष्णताही वाहून नेणार. बारीक सरळ तंतूच्या बाबतीत ही हानी इतकी मोठी होती की सर्व लाभ त्यात बुडून जाई. लँगम्यूर यांनी या हानीचा बारकाईने अभ्यास केला. तापलेल्या तारेभोवती वायूचा एक जवळजवळ स्थिर थर असतो आणि त्यातूनच उष्णता बाहेर झिरपते, असे त्यांनी दाखविले. बारीक तारेच्या मानाने हा थर फार जाड असतो. म्हणून तार दुप्पट जाड केली तरी वायूने नेलेली उष्णता थोडीच वाढते. प्रकाश मात्र पृष्ठभागावर अवलंबून असल्याने दुप्पट होतो. तेव्हा जाड तंतू फायद्याचा. पण जाड तंतूचा रोध इतका कमी की घरगुती दाबावर तो प्रचंड प्रवाह घेईल.

या पेचातून वेटोळ्याने मार्ग काढला. बारीक तार दाट वेटोळ्यात गुंडाळली म्हणजे वायूचा थर एकेका फेऱ्याभोवती न राहता संपूर्ण वेटोळ्याभोवती पसरतो. विजेच्या दृष्टीने तार बारीक व लांबच राहते. वायूच्या दृष्टीने मात्र ती एक आखूड व जाड दांडी बनते. १९१३ मध्ये असे वायुभरित दिवे जाहीर झाले. त्यांतील मोठे दिवे एका मेणबत्तीइतक्या प्रकाशास सुमारे अर्धा वॉट खर्च करीत. निर्वात टंगस्टन दिव्यांना यासाठी सुमारे एक वॉट लागत असे. पुढे वेटोळ्याचेच पुन्हा वेटोळे करण्यात आले. जपानमध्ये जुनिची मिउरा यांनी १९२१ मध्ये असा दुहेरी वेटोळ्याचा दिवा बनविला, आणि १९३० नंतरच्या दशकात ही रचना सर्वत्र पसरली. १२० व्होल्टच्या ६० वॉट दिव्यातील तार सरळ केली तर ती सुमारे ५८ सेंटिमीटर लांब व ०.०४६ मिलिमीटर जाड भरते. दुहेरी वेटोळ्यात ती अडीच सेंटिमीटरांहूनही कमी जागेत मावते. आता प्रकाशासाठी एल.ई.डी. दिवे आले असले, तरी लँगम्यूर यांचा तो विचार उष्णताशास्त्राच्या अभ्यासात कायम राहिला आहे.

श्वासात शिरलेले वेटोळे

एकविसाव्या शतकात हेच वेटोळे एका नव्या यंत्रात शिरले. चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिगारेट बनविली. पुढे प्रचारात आलेल्या अशा यंत्रांत कापसाच्या वातीवर नायक्रोम किंवा कॅन्थलचे इवलेसे वेटोळे असते. वात ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल व बहुधा निकोटीन यांच्या द्रवात भिजलेली असते. परदेशांतील अनेक हौशी लोक ही वेटोळी स्वतः गुंडाळून जाड तार, बारीक तार, अधिक फेरे, जोडवेटोळी असे नाना प्रकार करून पाहू लागले. त्यांच्यापुढील प्रश्न शेगडीचेच होते. ३.७ व्होल्टच्या घटावर १ ओहमचे वेटोळे सुमारे १४ वॉट घेते. तशी दोन वेटोळी अनेकसरीत जोडली तर एकूण शक्ती दुप्पट होते, पण प्रत्येक वेटोळे पूर्वीइतकेच तापते. रोध ०.१ ओहमपर्यंत खाली आणला तर हिशोबाने ३७ अँपिअर प्रवाह निघतो. एवढा प्रवाह सामान्य लिथियम घटाला पेलत नाही. तो तापतो व पेटूही शकतो.

वात ओली आहे तोवर द्रवाचे बाष्पीभवन उष्णता शोषून घेते आणि वेटोळ्याचे तापमान आवरलेले राहते. चुलीवरील पातेल्यात पाणी आहे तोवर पातेले करपत नाही, तसेच हे आहे. वात कोरडी पडली की तापमान एकदम चढते. अतितापलेल्या द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड व ॲक्रोलीन ही घातक द्रव्ये तयार होतात. अशा वाफाऱ्यात निकेल, क्रोमियम व शिसे यांचे अंशही तपासणीत आढळले आहेत. शेगडीच्या तारेवरून सुटलेला कण हवेत जातो. येथे तो थेट फुफ्फुसात जातो. वेटोळे कितीही कौशल्याने गुंडाळले तरी निकोटीनचे व्यसन त्यामुळे कमी होत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये अशा यंत्रांशी संबंधित फुफ्फुसविकाराची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २८०७ रुग्णांची व ६८ मृत्यूंची नोंद झाली. वाफाऱ्याच्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्याचे प्रमुख कारण ठरले. भारत सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकुमाने आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायद्याने या सिगारेटींचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली.

जूल यांनी पाण्यात बुडविलेले, मार्श यांच्या मिश्रधातूने टिकाऊ झालेले आणि लँगम्यूर यांनी दिव्यात बसविलेले वेटोळे, या सर्वांना एकच नियम लागू होतो. तो नियम समजला म्हणजे तार किती तापेल हे कोणताही विद्यार्थी कागदावर काढू शकतो. ती कोणत्या द्रव्याला तापविते आणि तो वाफारा कोणाच्या शरीरात जातो, याचा हिशोब मात्र रसायनशास्त्र व शरीरशास्त्र यांच्या मदतीने वेगळा मांडावा लागतो. तो मांडल्यावाचून केवळ वॉट आणि ओहम यांची आकडेमोड अपुरी राहते.