पिवळा रंग उशिरा येतो तेव्हा

2017 च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर एकामागून एक विषबाधेने दवाखान्यात भरती होऊ लागले. 20 हून अधिक जण दगावले. रक्तातलं कोलिनेस्टेरेज किती उतरलंय, हे सांगणाऱ्या तपासणीची सोय तेव्हा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नव्हती. चौकशी पथकाच्या अहवालातही ही उणीव आली.

मज्जातंतू स्नायूंना निरोप धाडतात तो अ‍ॅसिटिलकोलिनमार्फत. निरोप पोचला की कोलिनेस्टेरेज हे एन्झाइम त्याचा निकाल लावतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट विषं या एन्झाइमलाच जखडतात. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या आकसतात, श्वासाचे स्नायू थकतात.

डीएमएलटी करून प्रयोगशाळेत नुकत्याच लागलेल्या मुला-मुलींच्या हाती कोलिनेस्टेरेजची ही तपासणी येते. काम दिसायला किरकोळ. नळीवरचा क्रमांक अर्जाशी ताडायचा, सेंट्रीफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवायच्या, वरचा प्लाझ्मा अलगद उचलायचा. तो लालसर दिसला तर नमुना परत मागवायचा, कारण फुटलेल्या लाल पेशींतलं एन्झाइम आकडा फुगवतं. 1961 साली एलमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत एन्झाइम काम करू लागलं की द्रावण पिवळं होत जातं. विष जितकं जास्त भिनलेलं, तितका पिवळा रंग सावकाश चढतो. मायक्रोलिटरमध्ये मोजलेल्या प्लाझ्माबरोबर पिपेटमध्ये हवेचा एक बुडबुडा गेला, तरी धडधाकट माणूस विषबाधित ठरू शकतो. म्हणून रोज सकाळी रुग्णांच्या आधी कंट्रोलचा, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला, नमुना लावतात. तो जुळला नाही तर एकही रिपोर्ट बाहेर जाता कामा नये. वरिष्ठ घाई करत असले तरीही नाही. नव्या टेक्निशियनने पहिल्या महिन्यातच अंगी बाणवावी अशी हीच एक गोष्ट, असं मला वाटतं.

अर्थात सगळीच कीटकनाशकं ऑर्गेनोफॉस्फेट गटातली नसतात, त्यामुळे आकडा चांगला आला म्हणजे धोका टळला असं नाही. शिवाय निरोगी माणसांतही ही पातळी बरीच वेगवेगळी असते. एकाचा नेहमीचा आकडा दुसऱ्यासाठी घसरण ठरू शकतो. फवारणीआधीचा स्वतःचा आकडा हाताशी असेल तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. कॅलिफोर्नियात 1974 पासून हेच करतात. प्लाझ्मातली पातळी मूळच्या 60 टक्क्यांवर आली की त्या मजुराला फवारणीपासून दूर ठेवतात.

आपल्याकडे फवारणीचा जोर जुलैपासून वाढतो. त्याआधी, जूनमध्येच, गावोगावच्या फवारणी करणाऱ्यांचं नळीभर रक्त तपासून ठेवावं. जिल्हा आरोग्य यंत्रणेने एवढं मनावर घ्यावं.