तोंडावर बोट किती दिवस?

दुपारी डब्याची सुट्टी झाली, की आमच्या जेवणघरात सगळे विषय निघतात. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, भेंडीचा भाव, लोकलची गर्दी. फक्त एकच विषय निघत नाही. मतदान तोंडावर आलं, की आम्ही चौघीजणी लोणच्याच्या फोडीवरून बोलत राहतो! पालघरहून बोईसरला रोज जाणाऱ्या, तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी बायकांची हीच गत असेल.

पूर्वी असं नव्हतं. आमच्यातलीच एक, जरा फटकळ. डबा खाता खाता एकदा तिने एका पुढाऱ्याबद्दल चार शब्द ऐकवले. साहेब दारातच उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. दोन महिन्यांनी तिचं कंत्राट संपलं, ते पुन्हा वाढलं नाही. कारण तेच होतं की दुसरं, कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. खरं सांगते, त्याची टोचणी अजून जात नाही. त्या दिवसापासून आमची लोणच्याची चर्चा सुरू झाली.

घरी हे म्हणतात, "आपण बरं, आपलं काम बरं. घराचा हप्ता कोण भरणार?" त्यांचंही चुकत नाही. शिवाय आमच्या पालघरला या भीतीची जुनी आठवण आहे. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे बंद होता. तो कशासाठी, असा प्रश्न पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर विचारला. तिच्या मैत्रिणीने त्याला नुसती पसंती दिली. जमावाने त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली, आणि अटक झाली ती या दोघींना! त्याच दिवशी त्या जामिनावर सुटल्या. पुढे चौकशी होऊन दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि त्या मुलींवरचा गुन्हाही बंद झाला. पण त्या रात्री घरोघरच्या आयांनी आपल्या मुलींना काय बजावलं असेल, ते सांगायला नकोच.

या गोष्टीचा शेवट मात्र फारसा कोणी सांगत नाही. ज्या ६६-अ कलमाचा त्या वेळी आधार घेतला होता, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. अर्ज केला होता कायद्याच्या एका विद्यार्थिनीने, श्रेया सिंघलने. कुणाला त्रासदायक वाटलं, कुणाला राग आला, एवढ्यावरून बोलणं गुन्हा होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. म्हणजे वाटेल ते लिहावं असं नव्हे. जातीधर्मांत तेढ लावणाऱ्या मजकुराला आजही शिक्षा आहेच.

मग नोकरीचं काय? इथे थोडं नीट समजून घ्यायला हवं. घटनेच्या १९ व्या कलमाने दिलेलं भाषणस्वातंत्र्य मुख्यतः सरकारपासून आपलं रक्षण करतं. खाजगी मालकाने मनात राग धरला, तर ते कलम थेट मदतीला येतंच असं नाही. सरकारी नोकरांना तर वेगळेच नियम. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे त्यांना राजकीय पक्षाचं काम करता येत नाही. तेव्हा घरात कोणी सरकारी नोकरीत असेल, तर त्यांच्या मोबाईलवरून पक्षाचा प्रचार पुढे ढकलू नका.

पण एक हक्क कोणत्याही साहेबाला काढून घेता येत नाही. मत गुप्त असतं, आणि ते कुणाला दिलं हे सांगायला कोणी भाग पाडू शकत नाही. लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी मतदाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, आणि ती रोजंदारीवरच्या बाईलाही लागू आहे. ही सुट्टी हक्काने मागा.

बाकी व्यवहार आपल्या हाती. ऑफिसच्या व्हॉट्सॲप गटावर राजकारण नको. तिथलं वाक्य कुठे फिरेल याचा नेम नाही. रागाच्या भरात लिहिलेलं रात्रभर तसंच ठेवा, सकाळी पुन्हा वाचा. माणसावर नको, कामावर बोला. "रस्ता का नाही झाला?" हे विचारायला कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

आणि घरात तरी तोंड उघडं ठेवा. परवा मुलीने विचारलं, "आई, तू कुणाला मत देतेस?" माझ्या तोंडून सवयीने निघालं, "गप्प बस!" ती खरंच गप्प बसली. त्या गप्प बसण्याने मी चरकले. नोकरी सांभाळण्यासाठी घेतलेलं मौन आम्ही मुलींना वारसा म्हणून देणार का?

रात्री भांडी आवरून झाल्यावर मी तिला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. मत कुणाला देते ते नाही हं! का देते, ते.