गळ्यात पट्टा, आकाशात घड्याळं

कुत्र्याच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याबद्दल महाराष्ट्रात बोलायचं, तर सुरुवात एका बिबट्यापासूनच व्हायला हवी. २००९ च्या उन्हाळ्यात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वन विभागाने त्याला सुखरूप वर काढलं. वयाने थोराड आणि स्वभावाने शांत, म्हणून त्याचं नाव पडलं ‘आजोबा’. संशोधक विद्या अथ्रेया यांच्या प्रकल्पात त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर चढली आणि त्याला माळशेज घाटात सोडून देण्यात आलं.

तिथून आजोबाने थेट मुंबईची वाट धरली. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, वाहता हायवे ओलांडला, तुंगारेश्वरच्या जंगलातून पुढे सरकत वसईची खाडी पोहून पार केली आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात मुक्काम ठोकला. सुमारे १२० किलोमीटरची ही मजल त्याने महिनाभरात मारली. वाटेत वस्त्या होत्या, शेतं होती, आणि तो तिथून गेल्याचं बहुतेकांना कळलंही नाही. सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये ‘आजोबा’ हा चित्रपट केला आणि ही वाटचाल घराघरांत पोहोचली.

चित्रपटापेक्षाही मोह पडावा अशी गोष्ट म्हणजे ती कॉलर. वन्यप्राण्यांच्या कॉलरची रचना नीट पाहिली, की कुत्र्यासाठी पट्टा घेताना काय बघायचं हे आपोआप समजतं. तिच्यात जड बॅटरी गळ्याखाली असते आणि उपग्रहांचे संदेश टिपणारा अँटेना मानेच्या वर, आकाशाकडे तोंड करून. खालचं वजन वरच्या भागाला हलू देत नाही. एकूण वजन प्राण्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपुढे जाऊ द्यायचं नाही, हा अभ्यासकांचा जुना दंडक. बॅटरी पुरवून वापरायची, म्हणून जागेची नोंद दिवसातून मोजक्याच वेळा घ्यायची.

आकाशाकडे तोंड का हवं, हे समजायला थोडं वर जावं लागेल. चांगलं २०,२०० किलोमीटर वर. अमेरिकेच्या जीपीएसचे किमान २४ उपग्रह तिथून फिरत असतात आणि प्रत्येकात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत एवढंच सांगत राहतो, की मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. हा संदेश जमिनीवर यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती उशीर झाला यावरून पट्टा अंतर काढतो आणि चार उपग्रहांची अंतरं जुळली की जागा ठरते. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. आइनस्टाइनच्या सापेक्षतेमुळे वरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, तीही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. सोसायटीच्या गेटातून निसटलेल्या मोतीला शोधताना आपण आइनस्टाइनची मदत घेत असतो, या विचाराने आजही अंगावर शहारा येतो.

मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम घोळ घालत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने तो घोळ बंद झाला आणि कुत्रा नेमका कुठल्या गल्लीत आहे हे कळण्याची सोय झाली. आज मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूकता मिळते. घाटातल्या दऱ्यांत आणि उंच इमारतींच्या मधे मात्र संदेश भिंतींवर आपटून येतात आणि नकाशावरचा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला दिसतो. पट्टा उपग्रहाला काहीही पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. आपल्या फोनवर जागा दिसते ती पट्ट्यातल्या सिमकार्डामुळे. म्हणजे आकाश दिसायला हवं, मोबाइलची रेंज हवी आणि चार्जिंगही हवं. यातलं एक तुटलं, की नकाशावर दिसते ती जुनी जागा. त्यामुळे पट्टा घेताना त्यातलं सिम कुठल्या कंपनीच्या जाळ्यावर चालतं आणि आपल्या भागात तिची रेंज येते का, हे आधी विचारावं. पट्ट्याच्या रंगाची चौकशी त्यानंतर केली तरी चालते.

बाजाराची माहिती थोडक्यात द्यायची, तर परदेशात ऑस्ट्रियाची ट्रॅक्टिव्ह ही कंपनी २०१२ पासून या धंद्यात आहे. गार्मिनचे शिकारी कुत्र्यांचे पट्टे सिमऐवजी रेडिओलहरींवर चालतात, ते आपल्याकडे आणायचे तर आधी परवान्याची चौकशी करावी. बहुतेक सिमवाल्या पट्ट्यांना वरचेवर रिचार्ज लागतो. २०२१ मध्ये आलेला अ‍ॅपलचा एअरटॅग अनेक जण कुत्र्याच्या गळ्यात अडकवतात. त्यात जीपीएस नसतं. जवळून जाणाऱ्या आयफोनने त्याची हाक ऐकली तरच त्याचा पत्ता लागतो. कोथरूडच्या गर्दीत तो उपयोगी पडेल. ताम्हिणीच्या जंगलात त्याच्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

आता वेगाचा हिशोब. भेदरलेला कुत्रा ताशी १५ किलोमीटरने धावला, तर मिनिटात २५० मीटर जातो. पट्टा दर पाच मिनिटांनी जागा कळवत असेल, तर आपण सव्वा किलोमीटर मागे असू. म्हणून ‘लाइव्ह’ पद्धत हवीच. तिच्यात काही सेकंदांनी नोंद येते, पण बॅटरी भराभर उतरते. शिवाय घरात झोपलेल्या कुत्र्याच्या पट्ट्याला उपग्रहांची ताजी माहिती नसते. उपग्रह ती सेकंदाला अवघ्या ५० बिट्सच्या संथ गतीने पाठवतो, त्यामुळे निव्वळ आकाशातून ती मिळवायला अर्धं मिनिट जातं. चांगले पट्टे ती मोबाइलच्या जाळ्यातून आधीच घेऊन ठेवतात.

मुळशीकडच्या एका शेतघरावर प्रस्तुत लेखकाने एक कारवानी कुत्री पाहिली. लातूर-सोलापूरपासून मुधोळपर्यंतच्या पट्ट्यातली ही जात नजरेने शिकार हेरते आणि एकदा ससा दिसला की मागे वळून बघत नाही. डोकं मानेपेक्षा अरुंद, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की निघूनच येतो. तिच्या मालकीणबाईंनी ओढ बसली की आवळणारा पट्टा शिवून घेतला होता, आणि तो घालताना त्या दर वेळी पट्टा आणि मान यांच्यामधे दोन बोटं सरकवून बघत. ट्रॅकरची डबी मात्र वजनाने सारखी गळ्याखाली यायची आणि कुत्री बसली की हनुवटीखाली दडायची. मग त्यांनी पट्ट्याच्या समोरच्या बाजूला पितळी घंटी बांधली. घंटी खाली लोंबली, डबी मानेवर आली आणि ठिपका स्थिरावला. आजोबाच्या कॉलरमधली युक्ती या बाईंनी स्वतःच्या डोक्याने शोधून काढली होती.

त्याच भागात, तसंच जुन्नर-अकोल्याकडे, कुत्रा पाळणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. अकोले परिसरात अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा खाल्लेल्या प्राण्यांच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्के निघाला. बिबट्या आला, तर पट्टा कुत्र्याला वाचवू शकत नाही. हिमालयातले गद्दी मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात ते यासाठीच. आपल्याकडे रात्री कुत्र्याला दाराआड घेणं, एवढं तरी करायलाच हवं.

आणि फटाके! माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुतळी बॉम्ब फुटला, की एरवी शहाणा असलेला कुत्राही साखळी तोडून वाट फुटेल तिकडे धावतो. अशा रात्री पट्ट्याचं ‘आभासी कुंपण’ खरं कामाला येतं. नकाशावर घराभोवती रेघ आखून ठेवायची; कुत्र्याने ती ओलांडली की फोन वाजतो. पहिल्या काही मिनिटांत शोध सुरू झाला, तर कुत्रा मोठ्या रस्त्यापर्यंत पोहोचायच्या आत गाठता येतो.

पट्ट्यालाही जोडीदार हवा, हे आजोबाच्याच शेवटावरून कळतं. त्याची कॉलर काही महिन्यांत बंद पडली होती. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. तो आजोबाच होता, ही ओळख पटली ती कातडीखालच्या मायक्रोचिपमुळे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कुत्र्यालाही बसवतात. तिला बॅटरी नसते आणि ती जागाही सांगत नाही. स्कॅनर फिरवला की १५ आकडी क्रमांक तेवढा दाखवते. पट्टा गळून पडेल, उतरवला जाईल, चिप आयुष्यभर राहते. तिच्या नोंदीत आपला चालू फोन नंबर आहे ना, हे तपासायला हवं. आणि स्कॅनर सगळीकडे नसतो, म्हणून पट्ट्यावर नंबर कोरलेली साधी पितळी पट्टीही हवीच. रस्त्यावरचा पानवाला किंवा वॉचमन तीच वाचून फोन करतो.

नवा पट्टा घेतल्यावर पहिल्या रविवारी एक तालीम करून बघावी. घरातल्या एकाने फोन घेऊन बसावं, दुसऱ्याने साखळीला धरून कुत्र्याला रोजच्या वाटेवर आणि मग नेहमी जात नाही अशा वाटांवरही फिरवावं: पार्किंगचं तळघर, नाल्याकाठ, टेकडीचा मागचा उतार. जिथे ठिपका अडतो, त्या जागा कागदावर लिहून ठेवाव्यात आणि तिथून ठिपका पुन्हा हलायला किती मिनिटं लागली तेही लिहावं. तो कागद फ्रिजवर चिकटवला, की कुत्रा कधी निसटलाच तर नकाशा गप्प झाल्यावर आधी कुठे पळायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल.